रस्ता हा संबंध कीं पदार्थ? — संबंधजालांत नकाशा भरण्याच्या रीतीचें परीक्षण

जुन्या मार्गांचा शोध घेणाऱ्या अभ्यासकांत अलीकडे एक नवी पद्धति रूढ होऊं पाहत आहे. ओपनस्ट्रीटमॅप नांवाचा जगाचा जो खुला नकाशा २००४ सालीं इंग्लंडांत सुरू झाला, त्यांतून आपणांस हव्या त्या प्रांताची सामग्री उतरून घ्यावयाची. ती निओफोरजे किंवा तत्सम एखाद्या ग्राफ डेटाबेसांत भरावयाची. आणि मग अमक्या गांवाहून तमक्या गांवीं जाण्याची वाट कोणती, असा प्रश्न यंत्रास टाकावयाचा. उत्तर क्षणार्धांत येतें. नकाशावर एक रंगीत रेघ उमटते, आणि ती पाहून मन इतकें प्रसन्न होतें कीं ही रेघ कोणत्या काळची, असें विचारण्याचें भान राहत नाहीं.

प्रस्तुत लेखांत या पद्धतीचें परीक्षण करावयाचें आहे. आरंभींच सांगून टाकतों कीं आम्ही या यंत्राचे द्वेष्टे नाहीं. आमचें आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलें असलें तरी एका जुन्या विद्यार्थ्याच्या साह्यानें आम्हीं हा डेटाबेस आपल्या संगणकावर बसवून घेतला, सायफर नामक त्याची प्रश्नभाषा कामापुरती शिकलों, आणि कल्याणपासून जुन्नरपर्यंतचा मुलूख त्यांत दोन वेळां भरला. दोन वेळां कां, तें पुढें येईल. आमचा आक्षेप यंत्रावर नाहीं, भरण्याच्या रीतीवर आहे. आणि तो थोडक्यांत असा कीं, या रीतींत रस्ता हा दोन स्थळांमधील संबंध मानला जातो. इतिहासास मात्र तो पदार्थ म्हणून हवा असतो.

हें विधान नीट समजण्यासाठीं दोन्ही बाजूंची रचना थोडी पाहिली पाहिजे. वर सांगितलेल्या नकाशाच्या सामग्रींत तीनच प्रकारच्या वस्तु आहेत. पहिली नोड, म्हणजे अक्षांश-रेखांशांनीं निश्चित केलेला बिंदु. दुसरी वे, हिला आम्ही वाट म्हणूं. वाट म्हणजे बिंदूंच्या क्रमांकांची क्रमवार यादी; एका वाटेंत फार तर २००० बिंदु मावतात. तिसरी रिलेशन, म्हणजे बिंदु, वाटा व इतर रिलेशनें यांचा समूह. यांत प्रत्येक घटकाची भूमिका सांगितलेली असते. उदाहरणार्थ, ‘या रस्त्यानें येऊन, या चौकांतून, त्या रस्त्यास वळूं नये’ हा नियम तीन भूमिकांच्या एका रिलेशनानें नोंदला जातो. तिहींनाहि टॅग, म्हणजे गुण व त्याचें मूल्य अशा जोडीच्या चिठ्ठ्या, चिकटविलेल्या असतात: हमरस्ता कीं पायवाट, नांव काय, एकेरी कीं दुहेरी, इत्यादि. येथें ध्यानांत धरण्याची गोष्ट ही कीं, वाटेला स्वतःचा क्रमांक आहे, स्वतःच्या चिठ्ठ्या आहेत, आणि तिच्या नोंदींत कोणी केव्हां काय फेरफार केला याचा वृत्तांतहि आहे. कोणा दोन बिंदूंमधील ती नुसती रेघ नव्हे.

दोन वाटा एकमेकींस मिळतात हें कशावरून ओळखावयाचें? दोघींच्या यादींत एकच बिंदु आला असेल तर मिळतात, एरव्हीं नाहीं. कागदावर त्या एकमेकींस छेदतांना दिसल्या तरी तेवढ्यानें त्यांचा मिलाफ होत नाहीं. पुलावरून जाणारा रस्ता आणि त्याच पुलाखालून जाणारा रस्ता हे एकाच अक्षांश-रेखांशावर असून परस्परांस अगदीं परके असूं शकतात. सामीप्य निराळें व संबंध निराळा, हा भेद या नकाशाच्या कर्त्यांनीं मुळांतच पाळला आहे, आणि त्याबद्दल त्यांचें कौतुक केलें पाहिजे. सह्याद्रीच्या कुशींत राहणाऱ्यांस हा भेद समजावून सांगावयास नकोच. घाटमाथ्यावरील गांव व त्याच्याच पायथ्याचें कोंकणांतील गांव यांमध्यें पक्ष्याच्या उड्डाणानें कोसभर अंतर असतें, आणि गाडीनें जावयाचें तर अर्धा दिवस मोडतो.

आतां दुसरी बाजू. ग्राफ या शब्दास मराठींत आलेख म्हणतात. परंतु आलेख म्हटलें कीं चौकटीच्या कागदावरील चढउतारांची रेघ डोळ्यांपुढें उभी राहते, म्हणून आम्ही येथें संबंधजाल हा शब्द योजतों. संबंधजालांत वस्तु दोनच: बिंदु आणि संबंध. दोहोंनाहि गुणधर्म देतां येतात. प्रत्येक संबंधास एकच प्रकारनाम, एक आरंभबिंदु व एक अंतबिंदु असतो. म्हणजे दिशा असते. नैयायिकांची ‘अनुयोगी’ व ‘प्रतियोगी’ ही जोडी ज्यांनीं घोकली असेल त्यांस हें घरचेंच वाटेल. भूतलावर घट आहे, या संयोगांत भूतल अनुयोगी व घट प्रतियोगी. दोहोंची अदलाबदल केली तर वाक्य दुसरें होतें. यंत्रांतहि तसेंच आहे. फरक इतकाच कीं प्रश्न विचारतांना ‘दिशा कोणतीहि चालेल’ असें म्हणण्याची सवलत आहे. घाटमार्गांस ही सवलत घेऊं नये असें आमचें मत आहे. नेस्मिथ यांनीं १८९२ सालीं पायीं चालण्याचा जो ठोकताळा सांगितला, त्याप्रमाणें तीन मैलांस एक तास, आणि दर दोन हजार फूट चढणीस आणखी एक तास. तेव्हां घाट चढण्याचा व उतरण्याचा खर्च एक नव्हे.

नकाशा संबंधजालांत भरण्याची जी प्रचलित रीत आहे ती अशी. वाटेच्या यादींतील जे बिंदु दोन किंवा अधिक वाटांत येतात ते, आणि वाटेचीं दोन टोकें, एवढेच बिंदु ठेवावयाचे. मधले सारे वळणांपुरते असल्यामुळें त्यांच्यावरून लांबी मोजून घेऊन ते टाकून द्यावयाचे. वाट अशी प्रत्येक फाट्यावर तोडली जाते, आणि प्रत्येक तुकडा हा दोन बिंदूंमधील एक संबंध बनतो. त्यावर लांबीचा आंकडा लिहिला कीं डाइक्स्ट्रा यांनीं १९५९ सालीं प्रसिद्ध केलेल्या रीतीनें सर्वांत जवळची वाट काढतां येते. गाडी हांकणाऱ्यास यापेक्षां अधिक कांहीं नको असतें, आणि त्याच्यासाठीं ही रीत उत्तमच आहे. परंतु या कापाकापींत वाट म्हणून जी वस्तु होती ती नाहींशी झाली. तिचे तीस तुकडे झाले आणि प्रत्येक तुकड्यावर तिच्या नांवाची एकेक नक्कल राहिली. हा रस्ता कोणीं बांधला, असें विचारावयाचें तर विचारावयाचें कोणाविषयीं?

ही शंका केवळ तार्किक नाहीं. तिनें उत्तरें खोटीं ठरतात. याचा अनुभव आम्हांस ज्या उदाहरणांत आला तें या सर्व शास्त्राच्या मुळाशीं आहे. प्रशियांतील क्योनिग्जबर्ग शहरांत प्रेगेल नदीवर सात पूल होते. नदीमुळें शहराचे चार भाग पडलेले: उत्तर तीर, दक्षिण तीर, मधलें क्नाइपहोफ बेट, आणि पूर्वेकडील भूभाग. प्रत्येक पूल एकदांच ओलांडून सर्व पूल फिरून होतील काय, हा तेथील नागरिकांचा कूटप्रश्न. ऑयलर यांनीं १७३५ सालीं सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढें आपला निबंध ठेवून (तो १७४१ सालीं छापला गेला) दाखविलें कीं असें होणें नाहीं. कारण ज्या भूभागास विषम संख्येचे पूल लागतात तो फेरीचा आरंभ तरी असला पाहिजे किंवा शेवट तरी. आणि असे भूभाग दोहोंहून अधिक असूं शकत नाहींत. येथें तर चारहि भाग विषम. बेटास पांच पूल, इतर तिघांस प्रत्येकीं तीन.

सवय व्हावी म्हणून आम्हीं हे सात पूल आधीं भरून पाहिले. सात ओळींची यादी केली. प्रत्येक ओळींत पुलाच्या दोन्ही अंगांच्या भूभागांचीं नांवें. सायफर भाषेंत वस्तु निर्माण करण्यास दोन शब्द आहेत. क्रिएट म्हटलें कीं यंत्र डोळे मिटून नवी वस्तु करतें. यादी चुकून दोनदां वाचविली तर सारें दुप्पट होतें (आमचें झालें). मर्ज म्हटलें कीं यंत्र आधीं शोधतें, सांपडलें तर तेंच घेतें, नाहीं तर नवें करतें. पहिल्या अनुभवानें शहाणे होऊन आम्हीं मर्ज वापरलें. मग प्रत्येक भूभागास किती पूल, असा प्रश्न टाकला. उत्तर आलें: बेटास तीन, पूर्वभागास तीन, दोन्ही तीरांस प्रत्येकीं दोन. विषम भूभाग दोनच. म्हणजे फेरी शक्य! ऑयलर चुकले असें क्षणभरहि वाटलें नाहीं, पण कारण सांपडण्यास एक दुपार गेली. बेटापासून उत्तर तीरास दोन पूल होते, आणि दक्षिण तीरासहि दोन. यंत्रानें पहिला भरला. दुसऱ्याची ओळ आली तेव्हां त्यानें पाहिलें कीं बेट व उत्तर तीर यांमध्यें ‘पूल’ नांवाचा संबंध आहेच. तोच घेतला, नवा केला नाहीं. सातांचे पांच झाले. यंत्राचा येथें दोष नाहीं. आम्हीं पुलास नांव दिलें नव्हतें. केवळ ‘यांच्यांत पुलाचा संबंध आहे’ एवढेंच सांगितलें होतें, आणि तो संबंध एकदां सांगितल्यावर पुन्हां सांगणें ही द्विरुक्तीच.

या चुकीचा पुढील भाग अधिक बोधक आहे. ऑगस्ट १९४४ मध्यें त्या शहरावर ब्रिटिश विमानांचा भडिमार झाला. सात पुलांपैकीं दोन त्या महायुद्धांत गेले. पुढें आणखी दोन पाडून त्यांच्या जागीं बेटावरून जाणारा एक उंच रस्ता बांधण्यांत आला. शहराचें नांव १९४६ पासून कालिनिनग्राद. आज त्या सात स्थानांपैकीं पांच स्थानीं नदी ओलांडतां येते, आणि भूभागांची गणना होते तीन, तीन, दोन, दोन. म्हणजे आमच्या एका शब्दाच्या चुकीनें जें जाल तयार झालें होतें, तंतोतंत तेंच आज तेथें उभें आहे! जो कोणी आजचा नकाशा उतरून घेऊन ऑयलरचा प्रश्न विचारील, त्यास फेरी शक्य असल्याचें उत्तर मिळेल, आणि तें आजच्या शहरापुरतें खरेंहि असेल. बेटावरून जाणारा जो उंच रस्ता, तो बेटास पायऱ्यांनीं जोडलेला आहे. भरतांना या पायऱ्या गाळल्या तर रस्ता बेटास न मिळतां उत्तर तीरास सरळ दक्षिण तीराशीं जोडतो. बेटास एकच पूल राहतो. तरी विषम भूभाग दोनच होतात आणि उत्तर पुन्हां ‘शक्य’ असेंच येतें. किडा लांकूड कोरतो आणि अक्षर उमटतें, त्या घुणाक्षरन्यायाचें यापेक्षां चांगलें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं. तीन निरनिराळीं जालें, तीन निरनिराळीं कारणें, आणि एकच उत्तर. त्यांत १७३५ सालचें एकहि नाहीं.

नंतर आम्हीं सात पूल पुन्हां भरले, पण आतां संबंध म्हणून नव्हे. प्रत्येक पुलास स्वतंत्र बिंदु दिला. एक लोहारांचा पूल, एक हिरवा पूल, एक मधाचा पूल, असे सात; प्रत्येकापासून दोन संबंध, आपापल्या दोन भूभागांकडे. ‘टेकतो’ एवढाच संबंधाचा अर्थ. आतां मर्ज कितीहि वेळां म्हटलें तरी लोहारांचा पूल दुसऱ्या पुलांत विरघळत नाहीं. पुलाच्या बिंदूवर त्याचा अस्तित्वकाल लिहितां येतो; १७३५ साल दिलें तर एक उत्तर येतें, आजचें साल दिलें तर दुसरें. पूल हा पदार्थ आहे आणि टेकणें हा संबंध. आम्ही शीर्षकांत विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर हेंच.

आतां कल्याण-जुन्नरकडे येऊं. प्राचीन काळीं कोंकणच्या बंदरांतून घाटावर येणाऱ्या मालाचा एक मोठा मार्ग नाणेघाटाचा. माथ्यावरील लेण्यांत सातवाहनांची राणी नागनिका हिचा म्हणून ओळखला जाणारा शिलालेख आहे, आणि तो इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकाच्या सुमाराचा मानतात. नाणेघाटाची चढण ही पायवाट आहे. पहिल्या भरणींत आम्हीं प्रचलित वहिवाटीप्रमाणें केवळ गाडीरस्ते निवडले होते, आणि यंत्रानें आम्हांस मुरबाडवरून माळशेज घाटानें जुन्नरास नेलें. नाणेघाट त्याच्या जालांत नव्हताच. निवड सैल करून पायवाटा घेतल्या तेव्हां घाट आला खरा, पण त्याबरोबर हौशी गिर्यारोहकांनीं अलीकडे नोंदलेल्या अनेक वाटाहि आल्या. आणि सातवाहनांच्या बैलांस वाहून नेणारी वाट कोणती व गेल्या पावसाळ्यानंतर पडलेली कोणती, हें सांगणारें त्या संबंधांवर कांहींच नव्हतें. नकाशाच्या कर्त्यांस याचा दोष देणें अन्यायाचें होईल. जें आज जमिनीवर जाऊन पडताळतां येईल तेंच नोंदावें, हा त्यांचा जाहीर नियम आहे. लुप्त झालेल्या वस्तूंसाठीं ओपनहिस्टॉरिकलमॅप हा निराळा उपक्रम असून त्यांत प्रत्येक वस्तूस आरंभ व अंत यांच्या तारखा देण्याची सोय आहे. दोष आमच्यासारख्यांचा, जे आजचा पुरावा कालच्या खटल्यांत दाखल करतात.

याच ठिकाणीं आणखी एका सांपळ्याची सूचना करतों, कारण त्यांत सावध माणूसहि सांपडतो. सायफर भाषेंत शॉर्टेस्टपाथ या नांवाचें एक तयार साधन आहे. नांवावरून वाटतें कीं हें सर्वांत थोड्या अंतराची वाट देत असेल. तें अंतर पाहतच नाहीं. संबंधांची संख्या मोजतें. ज्या भागांत फांटे पुष्कळ, तेथें जाल दाट, तुकडे अनेक. ओसाड मुलखांतील दहा कोसांचा सलग रस्ता मात्र एकच तुकडा. अर्थात् यंत्र ओसाडीकडे धांवतें. अंतर किंवा वेळ मोजावयाचा असेल तर भारयुक्त गणनेची निराळी साधनें आहेत, तीं वापरावीं.

पण आमच्या दृष्टीनें सर्वांत मोठी अडचण पुराव्याची आहे. समजा, अमुक घाटानें अमुक सालीं लष्कर उतरलें असें एका अस्सल पत्रांत आहे, आणि त्याच घाटाच्या जकातीचा उल्लेख दुसऱ्या कागदांत आहे. घाट जर संबंध असेल, तर हे दोन कागद त्यास जोडावयाचे कसे? या डेटाबेसांत संबंधाला संबंध जोडतां येत नाहीं; संबंधाचीं दोन्ही टोकें बिंदूच असलीं पाहिजेत. आपल्या शास्त्रकारांनीं हा वाद फार पूर्वीं केला आहे. संबंधास आपल्या आश्रयांत राहण्यासाठीं दुसरा संबंध लागला, त्यास तिसरा, तर अनवस्था होते. म्हणून कोठें तरी थांबावें लागतें. यंत्र पहिल्याच पायरीवर थांबतें, आणि तें त्याच्या परीनें योग्यच आहे. कागदाचा दप्तरक्रमांक संबंधाच्या गुणधर्मांत लिहून ठेवतां येईल, असें कोणी म्हणेल. लिहितां येतो, पण तीं मग नुसतीं अक्षरें. त्या अक्षरांवरून त्या कागदाकडे, कागदावरून त्यांत आलेल्या दुसऱ्या घाटाकडे, तेथून त्या घाटाच्या तिसऱ्या कागदाकडे, असें चालत जातां येत नाहीं. आणि चालत जातां यावें एवढ्यासाठींच तर हें जाल विणावयाचें! घाट बिंदु केला कीं ही अडचण राहत नाहीं. कागद बिंदु, घाट बिंदु, आणि ‘यांत उल्लेख आहे’ हा त्यांचा संबंध.

कागद जें सांगतो तेवढेंच नोंदावें, हाहि विवेक येथेंच पाळतां येतो. पत्र असें सांगतें कीं अमुक दिवशीं हा मार्ग चालू होता. केव्हां सुरू झाला आणि केव्हां मोडला, हें तें सांगत नाहीं. असें असतां घाईनें आरंभवर्षाच्या व अंतवर्षाच्या रकान्यांत त्या पत्राचें साल भरणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. आणि रकाना रिकामा ठेवला तरी एक धोका आहेच. सायफर भाषेंत रिकाम्या मूल्याशीं कोणतीहि तुलना केली कीं तिचें फल खरेंहि नसतें, खोटेंहि नसतें. तें रिकामेंच असतें. आणि व्हेअर या शब्दानें घातलेल्या अटीखालीं जें खरें ठरत नाहीं तें मुकाट्यानें गळतें. ‘ज्यांचा अंत १७०० नंतर झाला ते मार्ग दाखव’ असें म्हटलें, कीं ज्यांचें अंतवर्ष नोंदलेलेंच नाहीं ते सगळे मार्ग यादींतून नाहींसे होतात. आणि ते गेले असें यंत्र सांगतहि नाहीं. अनुपलब्धि हें प्रमाण मानणाऱ्यांनींहि ‘योग्य’ अनुपलब्धीचीच अट घातली आहे: दिसण्यासारखी वस्तु, दिसण्यासारख्या स्थितींत असून दिसली नाहीं, तरच ती नाहीं असें म्हणावें. अंधारांत घट दिसला नाहीं, म्हणून घटाभाव सिद्ध होत नाहीं. तेव्हां रिकाम्या रकान्यांसाठीं प्रश्नांत स्वतंत्र कलम घालून ते मार्ग वेगळ्या यादींत मागवावेत; ही संवय आम्हीं आतां लावून घेतली आहे.

नांवांविषयीं दोन शब्द. वर दोन पूल एक झाल्याचें सांगितलें. येथें एकाचीं दोन होतात. पुण्याच्या दक्षिणेकडील ‘कऱ्हा’ नदीच्या नांवांतील आडवा ‘र’ युनिकोडांत दोन रीतींनीं लिहितां येतो: एकींत ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षरास हलन्तचिन्ह लावून, दुसरींत साध्या ‘र्’ पुढें एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून. डोळ्यांस दोन्ही रूपें एकच. यंत्रास मात्र तीं भिन्न शब्द. नांवावर भरंवसून मर्ज केलें कीं जालांत दोन कऱ्हा वाहूं लागतात. तीच गोष्ट अनुस्वार व परसवर्ण यांची, आणि ऱ्हस्वदीर्घांची. याकरितां वस्तूची ओळख नांवावर न ठेवतां क्रमांकावर ठेवावी, तो क्रमांक अनन्य असल्याचा निर्बंध भरणीच्या आधींच घालावा (त्यानें शोधहि जलद होतो), आणि जुन्या कागदांतील नांवें, तीं कशींहि लिहिलेलीं असोत, त्या त्या कागदाकडे जाणाऱ्या संबंधावर जशींच्या तशीं उतरावीं. शुद्धलेखनाच्या वहींत आम्हीं जन्मभर लाल शाई वापरली. पण अशुद्ध नांव हाहि एक पुरावा असतो.

आमच्या रीतीवर एक आक्षेप घेतला जाईल, व तो खरा आहे. प्रत्येक रस्ता बिंदु केला तर जालाचा आकार वाढतो, एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जाण्यास एकाऐवजीं दोन संबंध ओलांडावे लागतात, प्रश्नवाक्य लांबतें. महानगराच्या रहदारीचें काम करणाऱ्यानें हा भार घेऊं नये. इतिहासाच्या कामांत मात्र पदार्थांची संख्या थोडी आणि प्रत्येकाची चौकशी मोठी. शिवाय दोन्ही साधतां येतात. मूळ सांठ्यांत रस्ते पदार्थ म्हणून ठेवावेत. ज्या सालाविषयीं प्रश्न असेल त्या सालीं जे उभे होते तेवढ्यांवरून संबंधांचें एक तात्पुरतें जाल यंत्राच्या स्मृतींत उभारावें. गणना त्यावर करावी, आणि काम झालें कीं तें मोडून टाकावें. निओफोरजेबरोबर गणनेचें जें ग्रंथालय मिळतें त्यांत अशी सोय आहे. संबंध हा अशा रीतीनें पदार्थांपासून त्या त्या काळापुरता निष्पन्न होतो. मूळ नोंद होत नाहीं. काळ व साधन ठरवून घेण्याचा हा विवेक परदेशांतील विद्वानांनीं दाखविला आहे. स्टॅन्फर्ड विद्यापीठानें २०१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ऑर्बिस या रोमन प्रवासजालांत इ. स. २०० च्या सुमाराची स्थिति गृहीत धरून ऋतु, वाहन व खर्च हे तिन्ही निरनिराळे मांडले आहेत, आणि खर्चासाठीं सम्राट् डायोक्लीशियन याच्या इ. स. ३०१ च्या दरपत्रकाचा आधार घेतला आहे. त्यांचे आंकडे कोणास पटोत न पटोत, ते कशावरून आले हें विचारतां येतें.

आमच्या दुसऱ्या भरणींत हीच रीत ठेविली आहे. नाणेघाट तींत स्वतंत्र बिंदु असून शिलालेख त्यास जोडला आहे. माळशेज निराळा बिंदु आहे, आणि गिर्यारोहकांच्या वाटा नकाशाचा आधार सांगून निराळ्या ठेविल्या आहेत. पडताळ्यासाठीं जुन्नरच्या दक्षिणेचा बोरघाटहि भरला. तेथें कोंकण व घाटमाथा यांना जोडणारे तीन मार्ग घेतले: १८३० सालीं गव्हर्नर माल्कम यांच्या कारकीर्दींत खुला झालेला गाडीरस्ता, १८६३ सालीं सुरू झालेला लोहमार्ग, आणि २००२ सालीं पूर्ण झालेला द्रुतगतिमार्ग. संबंध म्हणून, प्रकारनाम एकच ठेवून, मर्ज केले तेव्हां तिघांचा एक झाला होता. आतां १८५० साल दिलें असतां त्यांपैकीं एक उभा राहतो, १८७० साल दिलें तर दोन, आणि २०१० साल दिलें तर तिन्ही. ही भरणी व तिचीं प्रश्नवाक्यें ज्या सभासदांस पाहावयाचीं असतील त्यांस तीं आम्ही आनंदानें दाखवूं. चुका सांपडल्यास कळवाव्या.